यिनहुआ वहिनींचा घसा बसला तो दिवस

आमच्या छिंगथान गावात एक सरकारी भोंगा आहे. नदीकाठच्या खांबावर बसवलाय आणि गावप्रमुख थान रोज सकाळी त्यावरून खाकरतो, मग सूचना देतो. मधे तो भोंगा बिघडला, तर दुरुस्तीची कुणालाच घाई झाली नाही. कारण गावात यिनहुआ वहिनी होत्या. त्यांनी आपल्या अंगणात उभं राहून "आज मीठ संपलं की हो!" असं नवऱ्याला सांगितलं, की पलीकडच्या डोंगरावरचा तंबाखूवाला आपल्या बायकोला विचारतो, "आपल्याकडे आहे का गं जास्तीचं?"

हा आवाज त्यांनी माहेरून आणला. आमच्याकडे नवरीने लग्नाआधी रडायचं असतं. नुसती टिपं गाळून भागत नाही. आईच्या नावाने, आत्याच्या नावाने, लग्न जुळवणाऱ्या बाईच्या तर शिव्यांसकट, सुरात आणि कडवी जुळवून रडावं लागतं. जिला ते जमत नाही तिला सासरी कुणी मोजत नाही. यिनहुआ वहिनी अशा रडल्या, अशा रडल्या, की वरातीतल्या पिपाणीवाल्याने पिपाणी काखेत मारली आणि म्हणाला, "आता माझं काय काम?" मी तेव्हा वरातीत फटाके वेचत होतो. घोड्यासारखा उमदा नवरदेव शियांग दादा तिथे उभा होता. त्या क्षणी त्याला कळलं असावं, की ह्या संसारात आपल्याला बोलावं लागणार नाही. तो तेव्हापासून गप्प आहे. माझ्याकडे टोफू घ्यायला येतो, बोटाने वडी दाखवतो, मान हलवून पैसे देतो आणि जातो.

मी पंग, गावाचा टोफूवाला. सोयाबीन दळायला भल्या पहाटे उठतो, त्यामुळे गावात कोण कधी कुठे जातं ते मला न विचारता कळतं. पुढे जे सांगणार आहे ते त्यामुळेच.

वहिनींचा मुलगा छेंगवू दूर शनचनला कारखान्यात आहे. त्याने पैसे पाठवून गावात तीन मजली घर बांधलं. बाहेरून पांढऱ्या फरश्या, वर लाल कौलं. खालच्या मजल्यावर दोघं राहतात, मधल्यावर मका वाळतो आणि सगळ्यात वर भोपळे राहतात. भोपळ्यांना उत्तम हवा लागते, नदीचा देखावा दिसतो. घराबरोबर छेंगवूने एक गोल टेबलही घेतलं. दहा माणसांचं, मधे फिरती काच. सुटे भाग आणून आतच जोडलं, त्यामुळे ते दारातून बाहेर निघत नाही. वहिनी ती काच रोज पुसतात. जेवायला बसले की लोणच्याची वाटी दादापुढून निघते, रिकाम्या खुर्च्यांना एकेक करून भेटते आणि सावकाश वहिनींपुढे येते.

"काय करू पंग भाऊजी," त्या मला म्हणायच्या, "माणसं दोन आणि टेबल दहाचं. लोणचं प्रवास करूनच दमतं."

चुलीवरच्या आकड्याला डुकराच्या मांसाचा एक मोठा तुकडा टांगलेला होता. नववर्षाला छेंगवू येणार म्हणून धुरावर धरलेला. नववर्षाला कारखान्याने दुप्पट पगार देऊन त्याला थांबवून घेतलं. मग तो उन्हाळ्यात येणार होता. उन्हाळा अर्धा सरला. मांस धूर खाऊन खाऊन बुटासारखं काळं झालं, पण वहिनी त्याला हात लावू देईनात.

आणि अशात विद्यार्थी आले.

छांगशाच्या विद्यापीठातून दर सुट्टीत एक टोळी येते. पोरांना गणित शिकवते, भिंती रंगवते, शेतात राबते. सगळ्यांना पिवळी जाकिटं आणि बरोबर एक लांबलचक लाल कापडी फलक. काही झालं की फलक उघडून फोटो. शाळेपुढे फोटो, डुकरांपुढे फोटो, माझ्या जात्यापुढेही काढला. जातं त्यात छान आलंय, माझा डोळा मिटलाय. टोळीची पुढारी मेंग नावाची मुलगी, चुणचुणीत, आमच्या प्रमुखाला दोनदा विकेल अशी. आणि एक होता युहांग. उत्तरेकडचा, उंच, चष्मेवाला, अंगात जीव कमी पण हौस अफाट. कुदळ उलटी धरायचा आणि त्याच जोरात जमिनीवर हाणायचा.

ही पोरं आली की गाव चळतं. मागे एकदा दोन घरांनी एकाच मुलीला जेवायला ओढलं, एकीने डावा हात धरला, दुसरीने उजवा, आणि जाकिटाची बाही निघून एकीच्या हातात आली. तेव्हापासून प्रमुख थानने नियम केला: पोरं ज्याचं काम करतील त्याच्याच घरी जेवतील. काम नाही तर जेवण नाही. नियम साधा होता आणि सगळ्यांना पटला, यिनहुआ वहिनी सोडून.

कारण वहिनींकडे कामच नव्हतं. गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांनी आपली जमीन शेजारच्या देशेंगला कसायला दिली होती. तो त्यात लिली लावतो. गड्डे निघाले की शहरात सूपासाठी जातात. विद्यार्थी येऊन राबले ते नेमके त्या शेतात, आणि जेवले देशेंगच्या घरी. वहिनी आपल्या वरच्या मजल्यावरून, भोपळ्यांच्या मधे उभ्या राहून ते जेवण बघत होत्या.

"प्रमुखा, जमीन माझी आहे," त्यांनी थानला वाटेत गाठलं.

"जमीन तुमची, काकू. गड्डे देशेंगचे."

"मग पोरं उभी कशावर होती? हवेत तरंगत होती?"

"काकू, नियम म्हणजे नियम."

"बरं. मग माझ्याकडे पण काम आहे. मधल्या मजल्यावरचा मका वरच्या मजल्यावर न्यायचाय."

थान पाहणी करायला आला. मका पाहिला, भोपळे पाहिले. "आणि वर नेऊन काय करणार?"

"दुसऱ्या दिवशी खाली आणायचा."

देशेंग कुंपणापाशी उभा राहून दात कोरत ऐकत होता. "वहिनी," तो म्हणाला, "त्यापेक्षा पोरांना तुमच्या टेबलाची काच फिरवायला लावा. कुणी फिरवत नाही म्हणून गंजत असेल बिचारी."

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणजे किती लागलं असेल ते बघा.

शेवटचा दिवस उरला. दुसऱ्या सकाळी पोरांची बस. पहाटे मी सोयाबीन दळत होतो, तर खिडकीतून वहिनी दिसल्या. पुढे वहिनी, मागे त्यांची सगळी बदकं. वहिनींची बदकं भातशेतात तण खात हिंडतात आणि संध्याकाळी वहिनी बांधावर उभं राहून "लाय-लाय-लायऽऽ!" अशी हाक देतात, की शेताशेतातून माना वर येतात आणि सगळी पलटण धावत घरी. त्या हाकेवर देशेंगची कोंबडीही कधीकधी येते.

वहिनी बदकांना नदीच्या खालच्या अंगाला बोरूच्या बेटात सोडून आल्या. म्हणजे सोडून आल्या असं त्यांना वाटलं. परत येताना मला म्हणाल्या, "भाऊजी, माझी बदकं हरवली हो! आता पोरांनाच शोधायला लावावी लागणार. मोठं काम आहे. दिवसभराचं."

"वहिनी," मी म्हटलं, "मागे बघा."

मागे बदकं होती. सगळी. ओळीत.

"मेल्यांनो!" वहिनी ओरडल्या, आणि आवाज ऐकून ती आणखी जवळ आली.

मग शियांग दादा बाहेर आला. त्याने बायकोकडे पाहिलं, बदकांकडे पाहिलं, भिंतीला टेकवलेली लांब बांबूची काठी घेतली आणि बदकं हाकत नदीकडे चालू लागला. बदकं त्याच्या मागे येत नाहीत, कारण त्याचा आवाज त्यांनी कधी ऐकलेलाच नाही. तो परतला तेव्हा एकटा होता. माझ्याकडे बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं. आयुष्यभर गप्प बसलेल्या माणसाने दुसऱ्याला गप्प बस म्हणून सांगायचं! पण मी मान डोलावली.

आता एकच अडचण होती. वहिनींनी हाक मारली तर बदकं येणार हे गावातल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे वहिनींचा घसा बसणं भाग होतं. त्यांनी गळ्याला लोकरीची पट्टी गुंडाळली, भर उन्हाळ्यात, आणि प्रमुखापुढे जाऊन आधी गळ्याकडे, मग रिकाम्या खुराड्याकडे बोट दाखवलं.

"काकू, आवाज गेला?" थानच्या चेहऱ्यावर दुःख दाखवायचा प्रयत्न होता. "कधीपर्यंत येईल?"

वहिनींनी आकाशाकडे हात केले.

थानने भोंग्यावरून जाहीर केलं: "यिनहुआ काकूंची बदकं हरवली आहेत. काकूंचा घसा बसला आहे. विद्यार्थ्यांनी शोधकार्याला लागावं." आणि भोंगा बंद करायचा राहिल्यामुळे पुढचंही सगळ्यांनी ऐकलं: "काय शांत वाटतंय रे आज गावात!"

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पोरं धावली, फलक घेऊनच धावली. पोरांना पाहून गावातली मुलं धावली. मुलं भातात शिरतील म्हणून आया धावल्या. लिलीचे उरलेले गड्डे तुडवतील म्हणून देशेंग धावला, आणि हा गोंधळ आवरायला प्रमुख थान धावला तो सरळ पाटात पडला. माझं दळण तसंच टाकून मी धावलो. का धावलो ते सांगता येणार नाही. सगळे धावत होते. मेंगने गावाचे चार भाग पाडले आणि ज्याला त्याला दिशा वाटल्या. थानलाही एक दिली, आणि तो निमूट गेला. मी पोरांना बोरूच्या बेटाच्या उलट्या दिशेला पाठवत होतो. बेटाच्या तोंडाशी शियांग दादा गवत कापत बसला होता. तिथे कापण्याजोगं गवत नव्हतं.

आणि वहिनी! बांधावर उभ्या, पट्टीत हात घालून. समोर त्यांच्या डोळ्यांदेखत माणसं चुकीच्या शेतात शिरतायत, चप्पल चिखलात सोडतायत, देशेंग थानला "तुमच्यामुळे झालं" म्हणतोय, आणि ह्या बाईला एक शब्द बोलायची सोय नाही! चेहरा मिरचीसारखा लाल. एकदा त्यांनी तोंड उघडलं, मला वाटलं संपलं सगळं, पण त्यांनी पट्टीचं टोक चावलं.

"आजी, त्रास होतोय का?" मेंगने जाता जाता विचारलं. "पाणी आणू?"

वहिनींनी तिचा गाल कुरवाळला आणि जेवणाची खूण केली: पाच बोटं तोंडाशी, मग घराकडे. मेंगला कळलं. ती हसली. "बदकं मिळाली की येतोच!"

एक बदक मात्र मागे राहिलं होतं. कुठल्याही पलटणीत एक असतंच. ते देशेंगच्या डुकरांच्या गोठ्यामागे फिरत होतं, आणि युहांगने त्याला पाहिलं. त्याने कुठूनतरी वाटीभर मका पैदा केला, बदकाकडे तोंड केलं आणि उलट्या पावली मागे सरकत आपल्या उत्तरेकडच्या बोलीत "लाय, लाय" म्हणू लागला. बदक मान वाकडी करून हा कोण परदेशी असं बघत होतं, पण मक्यासाठी एकेक पाऊल येत होतं. युहांग एकेक पाऊल मागे जात होता.

आणि मागे होता देशेंगचा जुना खताचा खड्डा. वरून सुकलेला, कडेला गवत उगवलेला, दिसायला अंगणासारखा. पण सुकली होती ती साय. खाली माणूस बुडेल इतका माल. गावातलं प्रत्येक पोर चालायला लागलं की आधी त्याला हा खड्डा दाखवतात. युहांगला कुणी दाखवला नव्हता.

आम्ही लांब होतो. मी ओरडलो, पण माझा आवाज टोफूवाल्याचा. चार घरांपुढे जात नाही.

वहिनींनी पाहिलं. गळ्याची पट्टी ओढून फेकली. "थांब रे गाढवा!! हलशील तर तंगडी मोडीन! मागे खड्डा आहे, खड्डाऽऽ!"

डोंगरावरचा तंबाखूवाला जागच्या जागी थांबला, हे त्यानेच नंतर सांगितलं. प्रमुख थान एक पाय वर करून थांबला. युहांग तर पुतळा झाला, टाच खड्ड्याच्या काठावर, वाटी छातीशी.

आणि नदीच्या खालच्या अंगाला बोरू हलला.

बेटातून पहिलं बदक निघालं, मग दुसरं, मग सगळी नदीच पांढरी झाली. ती बांध चढली, देशेंगच्या लिलीतून गेली, थानच्या वर धरलेल्या पायाखालून गेली, पोरांनी घाबरून सोडलेल्या फलकावरून चिखलाचे पंजे उमटवत गेली, आणि थेट वहिनींच्या पायापाशी येऊन उभी राहिली. शेवटी युहांगचं बदकही मका सोडून धावलं. मोठ्या उत्साहाने सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. बदकांनी.



"काकू," थान हळूच म्हणाला, "घसा बरा झाला?"

"आत्ताच," वहिनी म्हणाल्या.

"ही लबाडी आहे!" देशेंग उसळला. "काम कसलं? बदकं आपल्या पायांनी आली! ह्यांनी मुद्दाम लपवली. जेवण रद्द!"

वहिनींनी खाली पाहिलं. फेकलेली पट्टी उचलून ती पुन्हा गळ्याला गुंडाळायला घेतली. 

"बदकं मी नेली," कुणीतरी म्हणालं.

आम्ही सगळे वळलो. शियांग दादा होता. हातात विळा, तोंड अजून अर्धं उघडं. गावातल्या तरुण मुलांनी त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. एकजण मला म्हणाला, "काका, हे बोलतात?" आवाज चांगला होता हो, भरदार. इतकी वर्षं उगाच पडून होता.

"काम तर आम्ही केलंच," मेंग पुढे झाली. तिच्या केसांत गवताचा तुरा अडकला होता. "बघा ना आमच्याकडे. हे काम नाही तर काय आहे?"

थानने पोरांकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखल. मग स्वतःच्या विजारीकडे पाहिलं, तिच्यातून अजून पाट वाहत होता. त्याचा चेहरा नियम करणाऱ्या माणसाचा झाला.

"काम झालंय," तो म्हणाला. "खोटं काम, पण झालंय. ज्याचं काम त्याच्या घरी जेवण. पण मग काम मीही केलंय. देशेंगने केलंय. पंगने दळण टाकून केलंय. हा सगळा गाव सकाळपासून तुमच्या बदकांसाठी राबतोय, काकू. तेव्हा तुम्हाला दंड. आता सगळ्यांना जेवायला घाला."

त्याला वाटलं वहिनी हादरतील.

"सगळ्यांना?" वहिनींनी विचारलं.

"सगळ्यांना."

"तुझ्या सासूलाही?"

"ती शोधायला नव्हती आली."

"तिलाही आण. चालता येत नसेल तर पाठीवर घालून आण. आणि उभे काय राहिलात? पंग भाऊजी, आहे तेवढा टोफू घेऊन या! मुलींनो, भोपळे खाली आणा, वरच्या मजल्यावरून! म्हटलं होतं ना प्रमुखा, वरच्या मजल्यावर काम आहे म्हणून!"

त्या दुपारी तीन मजली घराच्या प्रत्येक खिडकीतून धूर आणि हसू निघत होतं. देशेंग म्हणाला होता मी येणार नाही. तो सगळ्यात आधी आला, स्वतःचं स्टूल घेऊन, आणि काखेत लिलीच्या गड्ड्यांची टोपली. "सूपाला लागतील," एवढंच म्हणाला. वहिनींनी टोपली घेतली आणि त्याला कांदे सोलायला बसवलं. त्याचे डोळे वाहायला लागले, तेव्हा म्हणाल्या, "पश्चात्ताप होतोय वाटतं."

चुलीपाशी त्या जरा थबकल्या. आकड्याला ते काळं मांस होतं. दादाने काही न बोलता (झालं तेवढं बोलणं वर्षभराला पुरेसं होतं) आकडा काढला आणि मांस पाटावर ठेवलं. वहिनींनी सुरी घेतली. आत ते अजून लालबुंद होतं, काचेसारखं चमकत होतं. आख्ख्या घराला वास सुटला आणि अंगणातले लोक आपोआप दाराकडे सरकले.

टेबल दारातून निघेना म्हणून पोरं आत बसली, गाव अंगणात, पायरीवर, जिन्यात. सगळ्यात गंमत काचेची. थान मासा आपल्याकडे आणायला काच डावीकडे फिरवायचा, मेंग मांसासाठी उजवीकडे, आणि थानचा मासा त्याच्या जेवणाच्या काड्यांसमोरून निघून जायचा. युहांगने मिरच्यांची भाजी तोंडात भरली. हिरवी दिसली म्हणून कोबी समजला. डोळ्यांतून धार लागली, नाक वाहायला लागलं, तो "छान आहे, छान आहे" म्हणत हुंदके देत होता.

वहिनी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या. "सूर चांगला आहे," त्या म्हणाल्या. "कडवी शिकलास तर तुला आमच्याकडे चांगलं सासर मिळेल."

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. छेंगवूचा चेहरा पडद्यावर. मागे कारखान्याची खानावळ, हातात स्टीलचा डबा.

"आई, काय गोंधळ आहे? भांडण झालं का?"

"जेवण चाललंय."

"कुणाचं?"

"कुणाकुणाचं सांगू? थांब, तूच बघ."

त्यांनी फोन लिलीच्या सूपाच्या भांड्याला टेकवून उभा केला आणि काच हलकेच फिरवली. छेंगवू निघाला. आधी मेंगपुढून गेला, तिने वाकून नमस्कार केला. मग युहांगपुढून, तो रडत हसला. मग थानपुढून. "काय रे, जाड झालास," थान म्हणाला आणि संधी साधून मासा उचलला. खिडकीतून देशेंगने डोकं आत घातलं, "तुझ्या आईने गावाला फसवलं!" दादापुढे आला तेव्हा दादाने आपला पेला वर केला. छेंगवू फिरत होता आणि हसत होता, "हळू फिरव, आई, गरगरतंय!" आणि मग ओरडला, "अगं, ते मांस! ते माझं ना?"

"होतं," वहिनी म्हणाल्या. "नववर्षाला ये, नवीन धरते. नाही आलास तर तेही ह्यांना घालीन. बस कुठे थांबते ते माहितीय ना अजून?"

"येतो. नक्की."

"बघू," म्हणून वहिनींनी काचेला आणखी एक जोराचा फेरा दिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, अंगणात बदकांना वहिनींचा आवाज कळला आणि ती ओळीने पायऱ्या चढून आत यायला लागली.